तेविसावं लाकूड

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजक मंडळींनी मला सांगितलं होतं, "तू कंप्युटरच्या क्षेत्रात आहेस, मुलांना यशाचा मंत्र सांग." मी म्हटलं, मंत्र माझ्याजवळ नाही. एक चूक आहे, ती सांगतो. ती चूक करायला मला एक दुपार लागली आणि कबूल करायला अकरा दिवस लागले.

हा विषय आजच घ्यायचं कारण असं की, सकाळी तर्री-पोह्याच्या रांगेत मला तीन-चार पोरं भेटली. इंजिनिअरिंगला आहेत, आपल्याच शाळेची. 'सी' भाषेत सॉकेट प्रोग्रामिंग शिकत आहेत. एकानं मोबाइलवर स्क्रीनचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "सर, कनेक्शन रिफ्यूज्ड येऊन राहिलं. नेट खराब आहे काय?" मी त्याला म्हटलं, दुपारी बस, सगळ्यांसमोर सांगतो. तेव्हा पुढची पंधरा मिनिटं त्याच्यासाठी आहेत. बाकीच्यांनी घाबरू नये. त्यानंतरची गोष्ट आपल्या लकडगंजची आहे, ती सगळ्यांना समजेल.

सॉकेट म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपला टेलिफोन एक्स्चेंज चौक तुम्हाला माहीत आहे. फोनवर बोलायचं तर आधी फोनचा संच लागतो. तो संच म्हणजे सॉकेट. त्याला नंबर मिळतो, ते बाइंड. घंटी चालू करून बसणं म्हणजे लिसन. घंटी वाजली की उचलणं म्हणजे अ‍ॅक्सेप्ट. पलीकडच्यानं नंबर फिरवणं म्हणजे कनेक्ट. मग दोघांनी बोलायचं, सेंड आणि रिसीव्ह. बोलणं झालं की ठेवून द्यायचं, क्लोज. एवढंच आहे. १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मंडळींनी युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत ही पद्धत आणली आणि ती आजही तशीच चालते. तुमच्या खिशातल्या फोनवरून पैसे पाठवता तेव्हा तळाशी हेच चाललेलं असतं.

आपली बॅच शाळेतून बाहेर पडली तेव्हा आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट नव्हतं. ते १५ ऑगस्ट १९९५ ला आलं. त्यामुळे हे सगळं आम्ही पुस्तकातून आणि चुकांतून शिकलो. तुम्हाला चुका नव्यानं करायच्या नसतील, तर काही ठरावीक चुका ऐकून ठेवा.

पहिली, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मुलांनो, हे वाक्य नीट वाचा. नकार मिळाला आहे. नकार द्यायला पलीकडे कुणीतरी जागं असावं लागतं. म्हणजे तुमचं नेट चांगलं आहे, पत्ता बरोबर आहे, तुम्ही त्या मशीनपर्यंत पोचलात. पण ज्या पोर्टवर गेलात तिथं कुणी ऐकत बसलेलं नाही. इमारत सापडली, गाळा नंबर १२ वर गेलात आणि बाजूचा सांगतो आहे की इथं दुकान नाही. मग बघायचं काय? सर्व्हर चालू आहे का. चालू असेल तर त्याच पोर्टवर आहे का. आणि तिसरं, तो १२७.०.०.१ या पत्त्यावर तर बांधलेला नाही ना. तो पत्ता म्हणजे स्वतःच्याच घरातला इंटरकॉम. त्यावर बांधलेला सर्व्हर त्याच मशीनवरून लागतो, शेजारच्या मशीनवरून लागत नाही. सकाळच्या त्या पोराचं हेच झालं होतं.

याच्या उलट 'कनेक्शन टाइम्ड आउट'. इथं कुणीच उत्तर दिलं नाही. पत्ता चुकला असेल, मशीन बंद असेल, केबल निघाली असेल किंवा मधे फायरवॉल तुमचं पाकीट गुपचूप टाकून देत असेल. दोन्ही चुकांमध्ये काम होत नाही हे खरं, पण शोध दोन वेगळ्या ठिकाणी घ्यायचा असतो. 'रिफ्यूज्ड' आलं की सर्व्हरकडे बघा, 'टाइम्ड आउट' आलं की रस्त्याकडे बघा.

दुसरी, 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज'. सर्व्हर बंद केला, लगेच पुन्हा चालू केला आणि हे वाक्य आलं. पोरं वैतागतात आणि मशीनच बंद करून चालू करतात. याची कारणं दोन. एक तर जुना सर्व्हर मागे अजून चालूच आहे, 'नेटस्टॅट' किंवा 'एसएस' ही आज्ञा देऊन बघा. नाहीतर जुनं कनेक्शन 'टाइम वेट' मध्ये आहे. रस्त्यात उशीर झालेलं एखादं जुनं पाकीट नव्या संभाषणात घुसू नये म्हणून टीसीपी थोडा वेळ ती जागा राखून ठेवते. लिनक्सवर तो वेळ ६० सेकंद असतो. बाइंडच्या आधी 'रीयूज अ‍ॅड्रेस' हा पर्याय लावला की काम होतं. पण तो लावताना कशासाठी लावतो आहोत हे माहीत असू द्या.

तिसरी चूक फार फसवी आहे. पोर्टचा नंबर देताना 'एचटूएनएस' हे फंक्शन विसरणं. आपले इंटेलचे प्रोसेसर दोन बाइटांचा आकडा उलट क्रमानं ठेवतात, नेटवर्क सरळ क्रमानं वाचतं. तुम्ही लिहिलं ८०८०, सर्व्हर जाऊन बसला ३६८९५ वर. कुठलीही चूक दिसत नाही, फक्त कुणाचा फोन लागत नाही. आणि गंमत बघा, सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे तुम्ही हीच चूक केली असेल तर सगळं छान चालतं. दोघंही चुकीच्याच पत्त्यावर भेटतात. तिसरा माणूस बरोबर प्रोग्राम लिहून आला की त्याचा मात्र लागत नाही, आणि आपण त्याला चूक ठरवतो.

चौथी, अ‍ॅक्सेप्टनं दिलेला नवा सॉकेट सोडून जुन्यावरच बोलत बसणं. दारावरचा चौकीदार गिऱ्हाइकाला आत पाठवतो आणि पुढच्यासाठी दारातच थांबतो. बोलायचं ते आतल्या माणसाशी. चौकीदाराशी बोलायला गेलात की 'नॉट कनेक्टेड' असं उत्तर येतं.

यावर उपाय एकच. सॉकेट, बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट, कनेक्ट, प्रत्येक हाकेनंतर परत आलेलं उत्तर तपासा. उणे एक आलं तर लगेच 'पी-एरर' नं चूक छापा. लगेच म्हणतोय, कारण 'एरनो' मधला आकडा पुढच्या एखाद्या हाकेनं बदलू शकतो. मधे दुसरं काही छापत बसलात तर भलत्याच चुकीचं नाव हाती येतं.

इथपर्यंतच्या चुका मी चांगल्या समजतो. त्या बोलतात. आता न बोलणाऱ्या चुकीकडे येतो, आणि इथं आपलं लकडगंज येतं.

२००३ सालची गोष्ट. मी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं होतं. आपल्या इथल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं मला काम दिलं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. वखार लकडगंजात आणि ऑफिस सीताबर्डीला. ट्रक आला की वखारीत प्रत्येक नग मोजायचा आणि त्याची नोंद ऑफिसच्या कंप्युटरमध्ये त्याच दिवशी गेली पाहिजे, एवढीच मागणी. दोन्हीकडे लिनक्स टाकलेला एक एक कंप्युटर, एक एक मोडेम, मधे फोनची लाइन. वखारीतला प्रोग्राम क्लायंट, ऑफिसमधला सर्व्हर.

वखारीत मोजणीला एक गृहस्थ होते. आपल्याच शाळेचे, आपल्या आठ वर्षं पुढचे. दहावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे कामाला लागले. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. तुमच्यापैकी ज्यांचं घर वखारींच्या बाजूला होतं त्यांना हे काम माहीत असेल. गोल लाकडावर डेपोचा नंबर असतो. तो बघायचा, टेप गुंडाळून घेर घ्यायचा, लांबी घ्यायची. घेराची चौथाई काढायची, तिचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं, झाले घनफूट. घेर ४८ इंच म्हणजे चौथाई १२ इंच, म्हणजे एक फूट. लांबी दहा फूट, तर दहा घनफूट. हे सोपं उदाहरण झालं. भाऊ घेर साडेत्रेपन्न असला तरी लाकडावर हात ठेवूनच आकडा सांगायचे. मग तो लांबट वहीत लिहायचे आणि संध्याकाळी कंप्युटरमध्ये भरायचे.

मी प्रत्येक नगाची नोंद ६४ बाइटांची केली. पहिल्या ४० बाइटांत ट्रकचा नंबर, लाकडाचा नंबर, जात, तारीख. शेवटच्या २४ मध्ये घेर, लांबी, घनफूट. भाऊंनी ट्रकच्या सगळ्या नोंदी भरून बटण दाबलं की त्या एकदम जायच्या. सर्व्हर ६४-६४ बाइट वाचून एकेक नोंद लिहून घ्यायचा. माझ्या घरच्या मशीनवर मी सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही चालवून बघितले. पन्नास नोंदी पाठवल्या, पन्नास पोचल्या. शंभर पाठवल्या, शंभर पोचल्या. मी बिल दिलं, शेठजींनी पैसे दिले.

तीन आठवड्यांनी शेठजींचा फोन आला. आवाज खाली घेऊन बोलत होते. "तुमचा कंप्युटर कामाला आला. चोर सापडला." परवान्याच्या कागदावर ३१ नग, भाऊंच्या वहीत ३१ नग, ऑफिसच्या कंप्युटरमध्ये २३. आठ नग कमी. आधीच्या ट्रकमध्येही असंच. टेम्पोनं आलेला थोडा माल बरोबर लागायचा, मोठे ट्रक कमी भरायचे. लाकूड तोवर आऱ्यावर चढून चिरलं गेलेलं, पुन्हा मोजायला शिल्लक नाही. शेठजींचा हिशेब सरळ होता. मोठ्या ट्रकमधलेच नग मागच्या फाटकानं जातात, वही नंतर पूर्ण केली जाते आणि कंप्युटरमध्ये काय भरलं ते माणूस विसरतो. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "कंप्युटर तर नाही ना चुकत?"

मी म्हणालो, "नाही. शंभर नोंदी पाठवून बघितल्या आहेत मी."

ते वाक्य मी बोललो. ते मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. तेवीस वर्षांच्या इमानदारीसमोर मी माझी एका दुपारची तपासणी ठेवली, आणि माझं वजन जास्त भरलं, कारण माझ्याजवळ कंप्युटर होता. त्याच संध्याकाळी भाऊंकडून वखारीच्या चाव्या काढून घेतल्या गेल्या. कामावरून काढलं नाही, पण दोन पोरांसमोर चाव्या मागितल्या. लकडगंजात अशी बातमी पोचायला फोन लागत नाही. चहाच्या टपरीवर माणसं एकदम गप्प झाली की समोरच्याला कळतं.

भाऊंनी भांडण केलं नाही. ते रोज माल मोजत राहिले. दहा दिवस गेले आणि अकराव्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले. हातात वही आणि शेठजींकडून मागून आणलेली ऑफिसची यादी. मी चहा विचारला, नको म्हणाले. वही उघडून माझ्यासमोर ठेवली. पाच ट्रकांच्या नोंदींवर त्यांनी पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. म्हणाले, "हे बघ बाबू. बावीस नगापर्यंत तुझी यादी अन् माझी वही एकच. तेविसाव्यापासून गडबड. पाचही ट्रकात तेविसाव्यापासूनच. चोर असता तर कधी पाच नेले असते, कधी दहा. हा चोर काहून दरवेळी तेविसाव्याच लाकडावर येऊन राहिला?"

मी काही बोललो नाही. त्यांनी बोट पुढे सरकवलं. "अन् हे पण बघ. तेविसावं लाकूड तुझ्या यादीत आहे, नंबरही बरोबर आहे. पण घेर-लांबी बाविसाव्याची लिहिली आहे. पाचही ठिकाणी."

मुलांनो, मला ते बघूनच घाम आला. वीस मिनिटांत मी चूक शोधली. खरं म्हणजे भाऊंनी ती शोधलीच होती, मी फक्त तिचं इंग्रजी नाव लिहिलं.

झालं होतं ते असं. टीसीपीला तुमच्या नोंदी माहीत नसतात. ती बाइटांचा प्रवाह वाहून नेते, नळाच्या पाण्यासारखा. तुम्ही घागर भरून ओतली म्हणून पलीकडे घागरीच्या मापानं येत नाही. आले ते बाइट क्रमानं येतील, गहाळ होणार नाहीत, एवढीच तिची हमी. किती तुकड्यांत येतील याची हमी ती देत नाही. त्या लाइनवर एका पाकिटात जास्तीत जास्त १४४८ बाइट जात होते. त्याला ६४ नं भागा. बावीस पूर्ण नोंदी, म्हणजे १४०८ बाइट, आणि वर उरले ४०. तेविसाव्या नोंदीचे फक्त पहिले ४० बाइट पहिल्या पाकिटात, बाकीचे २४ दुसऱ्यात. मोडेमची लाइन इतकी धीमी की दुसरं पाकीट पोचायच्या आधीच सर्व्हर तेविसाव्यांदा वाचायला जायचा. त्यानं मागितले ६४, रिसीव्हनं दिले ४०, आणि सांगितलंही की मी ४० दिले. रिसीव्हचं परतीचं उत्तर तेच तर असतं. मी ते उत्तर कधी बघितलंच नाही. मी उणे एक आलं का, एवढंच तपासलं होतं.

ज्या जागेत मी वाचत होतो तिथं शेवटच्या २४ बाइटांत आधीच्या नोंदीचा मजकूर तसाच पडून होता. त्यामुळे नंबर तेविसाव्याचा आणि माप बाविसाव्याचं. त्यानंतरची प्रत्येक नोंद २४ बाइटांनी सरकलेली. जिथं ट्रकचा नंबर हवा तिथं कुठल्यातरी लाकडाचा घेर. आणि अशा न ओळखलेल्या नोंदींचं मी काय केलं होतं? 'कचरा असेल' असं समजून काही न छापता टाकून देण्याची सोय केली होती. त्या ओळी मी मोठ्या शहाणपणानं लिहिल्या होत्या, प्रोग्राम बंद पडू नये म्हणून. भाऊंच्या बाजूचा सगळा पुरावा रोज संध्याकाळी माझा प्रोग्राम स्वतःच्या हातानं फेकून देत होता.

घरी हे दिसलं का नाही? एकाच मशीनवर दोन्ही प्रोग्राम चालवले की पाकिटं रस्त्यावर उतरतच नाहीत. त्या आतल्या रस्त्यावर पाकिटाची मर्यादा सोळा हजार बाइटांच्या वर होती. माझ्या शंभर नोंदी म्हणजे ६४०० बाइट, एका घासात मावायच्या. मी रस्ता तपासलाच नव्हता, अंगणात फिरून आलो होतो. आणि टेम्पोतला माल कधी बावीस नगांच्या वर जात नव्हता, म्हणून तो नेहमी बरोबर लागायचा. त्यामुळे चोरीचा संशय आणखी पक्का होत गेला.

दुरुस्ती दहा ओळींची होती. रिसीव्हला एकदा विचारून थांबायचं नाही. ६४ पूर्ण होईपर्यंत, किती आले ते मोजत, उरलेले मागत राहायचे. शून्य आलं तर समोरच्यानं फोन ठेवला असं समजायचं. अर्धी नोंद हातात असताना शून्य आलं तर ती चूक म्हणून लिहून ठेवायची. उणे एक आलं तर कारण वाचायचं, आणि मधेच सिग्नलनं अडवलं एवढंच कारण असेल तर पुन्हा मागायचं. सेंडचंही तसंच, तीही सांगितलेले सगळे बाइट एकदम घेईलच असं नाही. आणि मुलांनो, मजकूर वाचत असाल तर रिसीव्ह शेवटी शून्य लावून देत नाही, ते तुम्हीच लावायचं. नाहीतर जुनी अक्षरं नव्या वाक्याला चिकटतात. माझ्याकडे जुनी मापं चिकटली, तोच प्रकार.

त्या दिवशी दुपारी मी भाऊंना घेऊन सीताबर्डीला गेलो. शेठजींसमोर वही आणि यादी ठेवली आणि सांगितलं, चूक माझी आहे, कंप्युटर चुकत नाही हे मी न बघता सांगितलं होतं. शेठजी मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी चाव्या ड्रॉवरमधून काढून स्वतः उठून दिल्या. भाऊंनी लगेच घेतल्या नाहीत. म्हणाले, "वखारीत मागितल्या होत्या, वखारीतच द्या." शेठजी दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीत गेले आणि त्याच पोरांसमोर चाव्या दिल्या.

भाऊंनी मलाही एक अट घातली. आपल्या बॅचला आठवत असेल, गणिताच्या तासाला गणित सुटलं तरी सर पूर्ण गुण देत नसत. वहीच्या कडेला ताळा करून दाखवावा लागे. बाजूच्या वखारीतून आऱ्याचा आवाज यायचा आणि त्यावर सरांचा आवाज, "उत्तर आलं, ताळा कुठे आहे?" तेच सर भाऊंनाही होते. भाऊ म्हणाले, "तुझ्या प्रोग्रामात ताळा नाही. मी किती पाठवले ते मला माहीत, तिकडे किती पोचले ते मला कुणी सांगतच नाही."

ही सूचना मी तशीच्या तशी घेतली. क्लायंट आधी सांगतो, इतक्या नोंदी येत आहेत आणि घनफुटाची बेरीज इतकी. सर्व्हर सगळं वाचून, मोजून, स्वतः बेरीज करून परत सांगतो. वखारीतल्या स्क्रीनवर शेवटी ओळ यायची, 'पाठवले ३१, पोचले ३१, बेरीज जुळली.' ती ओळ आल्याशिवाय भाऊ वही मिटत नसत. त्यानंतर मी बरेच मोठे प्रोग्राम लिहिले, मोठ्या शहरांत राहून लिहिले. असा ताळा नसलेला प्रोग्राम मी पुन्हा कुणाला दिला नाही.

आता मुलांना शेवटचं. प्रोग्राम चालत नसेल तर क्रम धरून जा. चुकीचं वाक्य पूर्ण वाचा. सर्व्हर ऐकतो आहे का बघा. पत्ता आणि पोर्ट स्वतः छापून बघा. मग रस्ता तपासा, आणि दोन वेगळ्या मशीनवर तपासा. तरी कळत नसेल तर 'टीसीपीडंप' लावून प्रत्यक्ष काय जातंय-येतंय ते डोळ्यांनी बघा. पण प्रोग्राम चालत असेल तेव्हा जास्त काळजी घ्या. किती मागितले आणि किती मिळाले, ते प्रत्येक वेळी मोजा. न समजलेली गोष्ट गुपचूप फेकू नका, तिची नोंद ठेवा. आणि तुमच्या प्रोग्रामची यादी आणि एखाद्या माणसाची वही जुळली नाही, तर आधी त्याची वही उघडून वाचा. मी ती अकरा दिवस वाचली नाही. ते अकरा दिवस मी त्यांना परत देऊ शकलेलो नाही.

भाऊ आता कामातून मोकळे झाले आहेत. आज ते इथं आले आहेत. ही गोष्ट सांगू का म्हणून मी त्यांना काल विचारलं, तर म्हणाले, "सांग, पण माझं नाव नको घेऊस, अन् शेठचंही नको." म्हणून नाव घेतलं नाही. ते कोणत्या रांगेत बसले आहेत तेही सांगत नाही. चहाच्या वेळी ज्याला ओळखता येईल त्यानं ओळखावं आणि घेर-लांबी सांगून घनफूट विचारून बघावेत.

सर, तुम्ही समोर बसला आहात. उशिरा केला, पण ताळा केला.